'मॅकबेथ'मधला खुनाचा प्रवेश: ताण कुठून येतो ते शोधायची आणि लिहायची पद्धत

"या प्रवेशात नाटककाराने ताण कसा निर्माण केला आहे?" हा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच साच्यात पडतात. आधी साधनांची यादी येते: प्रतिमा, प्रतीकं, स्वगत, उपरोध, आवाज. मग प्रत्येकाला एकेक अवतरण जोडलं जातं आणि शेवटी "त्यामुळे प्रेक्षक खिळून राहतो" असं एक वाक्य. यातलं चुकीचं काहीच नसतं, पण प्रश्नाचं उत्तरही नसतं. घुबड ओरडलं म्हणून ताण येत नाही. त्या क्षणी प्रेक्षक कशाची तरी वाट बघत असतो, कशाला तरी घाबरत असतो, आणि घुबडाचा आवाज त्या वाट बघण्यावर येऊन आदळतो, म्हणून ताण येतो. साधनाच्या आधी प्रेक्षकाची स्थिती लिहायची, हा या सगळ्या पद्धतीचा पाया आहे.

उदाहरणासाठी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा अंक २, प्रवेश २ घेऊ. सरदार मॅकबेथ बायकोच्या, म्हणजे लेडी मॅकबेथच्या, साथीने घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाचा खून करतो तो हा प्रवेश. जेमतेम पाऊणशे ओळींचा, बहुतेक वेळ रंगमंचावर दोनच पात्रं, आणि खून तर दिसतच नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत उत्तरासाठी उपयोगी पडेल, आणि प्रवेश बसवणाऱ्यांना तालमीच्या आधी.

तयारी

ओळींचे क्रमांक आणि रंगसूचना असलेली आवृत्ती घ्या. नुसता सारांश किंवा आधुनिक इंग्रजीत सोपं केलेलं रूप पुरणार नाही, कारण लय आणि तुटलेल्या ओळी तिथे हरवतात. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे याच नाटकाचं मराठी रूपांतर. प्रवेशाचा आवेग कानात बसावा म्हणून ते जरूर मोठ्याने वाचा, पण पुरावा म्हणून ओळ द्यायची ती मूळ संहितेतलीच. या लेखात ओळींचा आशय मी मराठीत दिला आहे. उत्तरात तुम्ही इंग्रजी ओळ द्या.

वाचनाची हद्द अशी: पहिल्या अंकाचा सहावा आणि सातवा प्रवेश, दुसरा अंक सुरुवातीपासून तिसऱ्या प्रवेशात खून उघडकीला येईपर्यंत, आणि पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश. त्यानंतर अंक २, प्रवेश २ दोघांनी मिळून एकदा मोठ्याने वाचा. एकट्याने मनात वाचताना या प्रवेशातला अर्धा ताण हातून निसटतो.

*सावधान:* चित्रपट आधी बघू नका. रोमन पोलान्स्कीच्या १९७१ च्या चित्रपटात खून प्रत्यक्ष दाखवला आहे. तो डोक्यात बसला की संहितेत खून दिसत नाही ही गोष्टच विसरली जाते आणि उत्तराचा कणा मोडतो.

टप्पा १: ताण कुठे सुरू होतो आणि कुठे सुटतो, ते आधी ठरवा

छापील पानावर प्रवेशाचा क्रमांक बदलतो, तसा ताण बदलत नाही. शेक्सपिअरच्या रंगमंचावर दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडत नसे. एक पात्र जाई, दुसरं येई आणि नाटक पुढे चालू राही. त्यामुळे या प्रवेशाची खरी सुरुवात आधीच्या प्रवेशाच्या शेवटी आहे. मॅकबेथने नोकराकरवी बायकोला निरोप दिलेला असतो की माझं पेय तयार झालं की घंटा वाजव. घंटा वाजते. निरोपातलं पेय निमित्तापुरतं होतं, हे आपल्याला कळतं. घंटा मला बोलावते आहे असं म्हणून तो निघून जातो.

शेवटाचंही तसंच. दुसरा प्रवेश संपतो तेव्हा दारावरची थाप चालूच असते आणि ती द्वारपालाच्या प्रवेशात शिरते. तेव्हा पेन्सिलने दोन खुणा करा: एक घंटेपाशी, दुसरी मॅकडफ हा सरदार राजाच्या खोलीतून ओरडत बाहेर येतो तिथे. विश्लेषण मधल्या प्रवेशाचं करायचं, पण दोरी कुठून कुठवर ताणली आहे याची नोंद हवी.

टप्पा २: कोणाला काय माहीत आहे, याचे तीन रकाने पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागदावर तीन रकाने आखा: प्रेक्षकाला काय माहीत आहे, लेडी मॅकबेथला काय माहीत आहे, मॅकबेथला काय माहीत आहे. दर आठ-दहा ओळींनी ते भरत जा.

पहिल्याच नोंदीत एक मोठा गैरसमज दूर होतो. पुष्कळ जण या प्रवेशाच्या सुरुवातीला 'ड्रॅमॅटिक आयरनी' आहे असं लिहितात. ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत नसणं. सुरुवातीला लेडी मॅकबेथ एकटी उभी आहे. पहारेकऱ्यांच्या पेयात गुंगीचं औषध घातलंय, खंजीर तयार ठेवलेत, दारं उघडी आहेत, हे तिला माहीत आहे आणि ती सांगते म्हणून आपल्यालाही. आत काय चाललंय ते तिला माहीत नाही, आपल्यालाही नाही. आपलं आणि तिचं अज्ञान इथे सारखंच आहे. आतून मॅकबेथचा "कोण आहे तिकडे?" असा आवाज येतो तेव्हा ती दचकते आणि तिच्याबरोबर आपणही दचकतो. याला उत्कंठा म्हणा. आयरनी म्हणू नका.

*एक तपासणी:* मॅकबेथचा तो आवाज विंगेतून येतो की तो तेव्हाच रंगमंचावर आलेला आहे, हे तुमच्या आवृत्तीत बघा. १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात) त्याच्या प्रवेशाची सूचना या ओळीच्या आधी आहे, तर आधुनिक संपादक बहुतेक वेळा 'आतून' अशी सूचना देऊन प्रवेश पुढे ढकलतात. तुमच्या मांडणीचा आधार या सूचनेवर असेल, तर आवृत्ती सांगा.

खरी आयरनी पुढे आहे आणि ती रकाने भरल्याशिवाय सापडत नाही. लेडी मॅकबेथ खंजीर परत ठेवायला आत जाते. मॅकबेथ एकटा उरतो आणि हातांकडे बघून म्हणतो की अख्ख्या महासागराने हे रक्त धुतलं जाईल का? नाही, हा हातच समुद्र लाल करील. हे ती ऐकत नाही. ती परत येते आणि म्हणते, थोडंसं पाणी घेतलं की झालं, किती सोपं आहे. महासागर आणि थोडंसं पाणी, दोन्ही आपण ऐकलेलं आहे, तिने फक्त स्वतःचं. ही आयरनी याच प्रवेशात, पहिल्यांदा नाटक बघणाऱ्यालाही जाणवते. पाचव्या अंकात ती झोपेत हात चोळत फिरते, ते या ओळीचं पुढचं टोक. पण ते टोक पहिल्या वेळच्या प्रेक्षकाला माहीत नसतं. म्हणून "पुढे ती वेडी होणार हे ठाऊक असल्यामुळे ताण येतो" असं लिहू नका. आधी या प्रवेशात जे घडतं ते, मग "पाचव्या अंकात याच ओळीला वेगळा अर्थ येतो", असा क्रम ठेवा.

टप्पा ३: उघड्या प्रश्नांची साखळी काढा

प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उघडा आहे आणि तो कुठे मिटतो, हे ओळीच्या क्रमांकासह मांडा. या प्रवेशात ते साधारण असं येतं:

१. खून होईल का, की पहारेकरी जागे झाले?
२. कुणी काही ऐकलं का?
३. खंजीर परत कोण नेणार?
४. दारावर कोण आहे, आणि हात धुऊन व्हायच्या आत दार उघडलं तर?

आता नीट बघा. पहिला प्रश्न "काम केलं" या अर्धवट ओळीत मिटतो. नाटककार इथे प्रेक्षकाला सुटकेचा श्वास घेऊ देऊ शकला असता. पण त्याच ओळीच्या उरलेल्या भागात मॅकबेथ विचारतो, "काही आवाज ऐकलास का?" एक प्रश्न मिटला त्याच ओळीत दुसरा उघडला. तिसरा प्रश्न चालू असताना, लेडी मॅकबेथ आत गेल्या गेल्या, पहिली थाप पडते. या प्रवेशात ताणाला फट सापडत नाही, त्याचं कारण हे. उत्तरात ही साखळी आली तर निम्मं काम झालं.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट विचारात घ्या. पहिल्या प्रश्नात आपण नेमकं कशाला घाबरतो? लेडी मॅकबेथ म्हणते की प्रयत्न झाला आणि काम झालं नाही, तर आपण बुडालो. त्या क्षणी आपल्याला भीती वाटते ती डंकन मरेल याची कमी आणि हे दोघं पकडले जातील याची जास्त. निरपराध, झोपलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याऐवजी प्रेक्षकाची धडधड मारेकऱ्यांच्या बाजूने चालू होते. शोकांतिका म्हणून हा प्रवेश इतका अस्वस्थ का करतो, त्याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. खून रंगमंचावर दाखवला असता तर आपण डंकनकडे बघितलं असतं. तो आड ठेवल्यामुळे वाट बघणाऱ्या बायकोजवळ उभं राहणं आपल्याला भाग पडतं. "खून न दाखवल्याने प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला वाव मिळतो" हे वाक्य तुम्ही लिहिणारच असाल, तर त्याच्यापुढे हे लिहा.

टप्पा ४: आवाजांची यादी, पण तीन गटांत

पहिला गट, प्रेक्षकाच्या कानावर खरोखर पडणारे आवाज: आधीच्या प्रवेशातली घंटा, मॅकबेथचा आवाज, दारावरची थाप. दुसरा गट, पात्रं ऐकल्याचं सांगतात ते आवाज: घुबड, रातकिडे, पहारेकऱ्यांचं घोरणं, झोपेत कुणाचं तरी हसणं, "खून!" अशी किंकाळी, प्रार्थना. तिसऱ्या गटात एकच आवाज आहे, जो कुणाला ऐकू येणंच शक्य नाही: "आता झोप नाही, मॅकबेथने झोपेचा खून केला."

हे तीन गट पाडले की प्रवेशाची रचना समोर येते. मधला मोठा भाग सांगितलेल्या आणि भासलेल्या आवाजांचा आहे. ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते की हा सगळा मॅकबेथच्या डोक्यातला खेळ तर नाही? ती शंका पक्की होत असतानाच खरीखुरी थाप पडते, आपल्या कानावर. भासाकडून वास्तवाकडे झालेला हा सांधा थापेला एवढी ताकद देतो.

थापा मोजा आणि प्रत्येक थाप कोणत्या शब्दांवर पडते ते लिहा. या प्रवेशात त्या चार वेळा येतात. पहिली मॅकबेथ एकटा असताना. तो विचारतो, हा आवाज कुठून येतोय, आणि प्रत्येक आवाजाने मी दचकतो, मला झालंय तरी काय. दुसरी थाप लेडी मॅकबेथ परत आल्यावर, आणि ती लगेच सांगते: दक्षिणेकडचं दार. एकाच आवाजावर दोघांची दोन उत्तरं. तिसरी थाप ती त्याला सावरत असताना पडते, आणि ती झोपण्याचा पोशाख चढवायला सांगते. चौथी शेवटी, आणि तिच्यावर मॅकबेथची ओळ: तुझ्या थापांनी डंकनला उठव, उठवता आलं तर किती बरं होईल.

*सावधान:* "थाप म्हणजे मॅकबेथची सदसद्विवेकबुद्धी" असं पहिल्याच वाक्यात लिहू नका. थाप म्हणजे आधी दारात उभी असलेली माणसं. मॅकडफ आणि लेनॉक्स हे सरदार आले आहेत, कारण राजाने मॅकडफला लवकर उठवायला सांगितलं होतं. आत दोघांचे हात रक्ताने माखलेले आहेत आणि अंगावर दिवसाचे कपडे आहेत. आधी हा साधा, व्यवहारातला धोका मांडा. प्रतीकात्मक अर्थ त्यावर उभा राहतो. धोका न सांगता प्रतीक सांगितलं तर ते हवेत राहतं.

टप्पा ५: गती मोजा

इथे फार पाल्हाळ नको, दोन जागा पुरतात. पहिली, मॅकबेथ आल्यावरची झटापट: "तू बोललास ना?" "केव्हा?" "आत्ता." "मी खाली उतरताना?" "हो." शेक्सपिअरच्या दहा उच्चारखंडांच्या (सिलॅबल्सच्या) ओळीचे इथे तुकडे होऊन दोन तोंडांत वाटले गेले आहेत. दुसरी जागा याच्या उलट. प्रार्थना ऐकून तिच्या शेवटी म्हणायचं "आमेन" तोंडातून का फुटलं नाही आणि झोपेचा खून झाला, यावर मॅकबेथ बोलतच राहतो आणि झोपेची एकामागून एक वर्णनं करत जातो. वेळ हातात नाही, आणि तो थांबला आहे. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं की हात धू! घाईइतकाच ताण या रेंगाळण्यातून येतो, पण बहुतेक उत्तरांत फक्त छोट्या वाक्यांचा उल्लेख असतो.

टप्पा ६: हातातली वस्तू कोण, केव्हा बघतं

मॅकबेथ येतो तेव्हा खंजीर त्याच्या हातात आहेत. ते पहारेकऱ्यांजवळ राहायला हवे होते, म्हणजे आळ त्यांच्यावर आला असता. लेडी मॅकबेथ "हे इथे का आणलेस?" असं विचारते ते तीसेक ओळींनंतर. त्या तीस ओळी प्रेक्षक पुरावा डोळ्यांनी बघतो आहे आणि ती बघत नाही. रंगवस्तूतून उभी राहिलेली ही आयरनी शब्दांत कुठेच नाही, म्हणून वाचताना सुटते.

प्रवेश बसवणाऱ्यांनी इथे निर्णय घ्यायचा आहे. खंजीर प्रेक्षकाला सुरुवातीपासून दिसले तर आपण तिच्यापुढे असतो आणि ती कधी बघते याची वाट पाहतो. अंगरख्याआड लपवले तर तिच्याबरोबर आपल्यालाही धक्का बसतो. मला पहिला मार्ग जास्त पटतो, कारण "आमेन"चं लांबलेलं बोलणं तेव्हा असह्य होतं. पण कोणताही घ्या, तो आधी ठरवा. तालमीत आपोआप ठरू देऊ नका.

त्याचबरोबर लेडी मॅकबेथच्या कणखरपणाला कुठे तडे जातात तेही टिपा. ती धीट आहे, पण दारूने धीट केलंय असं स्वतःच सांगते. राजा झोपेत माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच काम केलं असतं, असंही म्हणते. "ती निष्ठुर, तो दुबळा" अशी सरळ विभागणी या दोन ओळींपुढे टिकत नाही.

टप्पा ७: लिहिणं

मांडणी प्रवेशाच्या क्रमाने करा, साधनांच्या क्रमाने नको. 'आवाज', 'प्रतिमा', 'आयरनी' असे वेगळे परिच्छेद पाडले की ताण कसा चढत जातो ते दाखवताच येत नाही. प्रत्येक परिच्छेदात एक क्षण घ्या आणि हा क्रम पाळा: प्रेक्षक कशाची वाट बघतोय, तिथे नाटककार काय करतो, त्याने वाट बघण्यात काय बदल होतो, पुढच्या क्षणाकडे काय ढकललं जातं.

कच्चं उदाहरण: "शेक्सपिअरने येथे प्रश्नार्थक वाक्ये व लहान संवाद वापरले आहेत. त्यामुळे भीतीचे वातावरण निर्माण होते."

हेच सुधारून: "खून झाला हे कळल्यावर प्रेक्षकाला सुटकेची अपेक्षा असते. त्याऐवजी दोघे एकमेकांना एका-दोन शब्दांचे प्रश्न विचारू लागतात, आणि प्रश्न खुनाबद्दल नसून आवाजाबद्दल आहेत. ज्या आवाजाने ती दचकली तो बहुधा त्याचाच होता, पण दोघांनाही खात्री करून घेता येत नाही. बेत एकत्र आखणारी ही दोन माणसे खून होताच एकमेकांचे आवाज ओळखू शकत नाहीत. त्यामुळे 'पकडले जातील का' या भीतीत 'ही जोडी टिकेल का' ही नवी भीती मिसळते."

*सावधान:* इंग्लंडचा तेव्हाचा राजा जेम्स, त्या काळातली राजसत्ता, चेटकिणींवरचा विश्वास यावर परिच्छेद खर्च करू नका. पाहुण्याला, आप्ताला आणि राजाला मारणं किती भयंकर आहे हे मॅकबेथ स्वतः पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात सांगतो. तिथली एक ओळ द्या आणि पुढे चला.

द्वारपालाबद्दल लिहिताना 'विनोदामुळे ताण हलका होतो' एवढ्यावर थांबू नका. तो गद्यात बरळतो, आपण नरकाचे द्वारपाल आहोत असं सोंग करतो, आणि आत खरोखर काय घडलंय याचा त्याला पत्ता नाही. आपल्याला आहे. थाप चालूच आहे आणि हा दार उघडत नाही. प्रेक्षक हसतो, पण राजाचं प्रेत सापडण्याची घडी लांबतच जाते. इथे मात्र ड्रॅमॅटिक आयरनी हा शब्द बिनदिक्कत वापरा.

जमा करण्याआधीची तपासणी

मसुद्यातली साधनांची सगळी नावं पेन्सिलने खोडा: प्रतिमा, प्रतीक, आयरनी, स्वगत, सगळी. मग परिच्छेद वाचा. ती नावं नसतानाही कोणत्या ओळीवर प्रेक्षकाला काय वाटतं आणि का, हे कळत असेल तर नावं परत घाला. कळत नसेल तर तो परिच्छेद दुसऱ्या टप्प्यातल्या रकान्यांकडे परत न्या. त्यानंतर प्रत्येक अवतरणापुढे अंक, प्रवेश आणि ओळ आहे ना ते बघा, आणि "खिळून राहतो", "अंगावर काटा येतो" असले शब्द जिथे कारणाशिवाय आले असतील तिथे कारण लिहा किंवा ते काढून टाका.